जुना डाव, नवा डाव

आमच्या शाळेच्या वार्षिकाच्या संपादकांनीं ‘आपण खुलताबादचे रहिवासी, तेव्हां आपल्या गांवाविषयीं कांहीं लिहा,’ अशी आज्ञा केली, तेव्हां त्यांच्या मनांत काय असावें हें आम्हीं ताडलें. खुलताबाद म्हटलें कीं भद्रा मारुति, दर्गे, बादशहाची कबर, आणि घाट उतरून गेलें कीं वेरुळचीं लेणीं. एवढें लिहिलें म्हणजे निबंध झाला. शाळेंत असतां हा निबंध आम्हीं निदान सहा वेळां लिहिला आहे, आणि त्यास दहांपैकीं सहाहून अधिक गुण कधीं मिळाले नाहींत. म्हणून या खेपेस आम्हीं एका खेळाविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे. पालकमंडळींच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांस विनंति एवढीच कीं, त्यांनीं लेख शेवटपर्यंत वाचावा. कारण या खेळाचा निवाडा अखेर एका पालकानेंच केला आहे.

हा खेळ संगणकावरचा असून त्याचें नांव ‘एज ऑफ एम्पायर्स’, म्हणजे साम्राज्यांचें युग, असें आहे. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांतल्या ‘एन्सेंबल स्टुडिओज’ या मंडळीनें तो रचिला आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १९९७ सालीं प्रसिद्ध केला. दुसरा भाग १९९९ सालीं व तिसरा २००५ सालीं आला. मूळ मंडळी २००९ च्या आरंभीं बंद झाली. पुढें चौथा भाग कॅनडांतील ‘रेलिक’ या मंडळीनें तयार केला व तो २०२१ च्या ऑक्टोबर महिन्यांत बाहेर पडला.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. बुद्धिबळांत आपण एक खेळी करावी आणि प्रतिपक्ष्याच्या खेळीची वाट पाहावी, असा शिष्टाचार आहे. येथें तसें नाहीं. येथें दोघांचेंही घड्याळ एकदमच चालतें. आपण डोकें खाजवीत बसलों, तर तेवढ्या वेळांत शत्रु आपला कोट पाडून मोकळा होतो. आरंभीं आपल्या पदरीं एक वाडा, मूठभर गांवकरी आणि एक टेहळ्या स्वार असतो. सभोंवार काळोख; जेथें आपला माणूस जाईल, तेवढाच मुलूख उजळतो. गांवकऱ्यांनीं फळें वेंचावीं, लांकूड तोडावें, शेत करावें, सोनें व दगड खणावे; त्यांतून घरें, तट, शिपाई व हत्ती उभे करावे; अंधारयुगांतून सरंजामी युगांत, तेथून दुर्गयुगांत आणि शेवटीं साम्राज्ययुगांत चढावें; आणि मग शेजाऱ्याचें राज्य बुडवावें. एक नवा गांवकरी निर्माण करण्यास पन्नास अन्न लागतें. १९९९ च्या दुसऱ्या भागांत पन्नास लागे, आणि २०२१ च्या चौथ्या भागांतही पन्नासच लागतें. बावीस वर्षांत जिचा भाव वाढला नाहीं, अशी ही जगांतील एकच वस्तु असावी!

आमची व या खेळाची गांठ २००३ सालीं पडली. त्या वेळीं आम्ही याच शाळेंत दहावींत होतों आणि वसतिगृहांत राहत होतों. आज ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या शहराचें नांव तेव्हां औरंगाबाद होतें. तेथील एका गल्लींत, शिंप्याच्या दुकानाच्या वर, एक सायबर कॅफे होता. त्यांत सहा संगणक होते. सहांपैकीं चार चालत, आणि ते चारही तारेनें एकमेकांस जोडलेले असत. दर तासाला पंधरा रुपये. रविवारीं दुपारीं आम्ही व आमचा एक वर्गमित्र तेथें जात असूं, आणि एकमेकांचीं राज्यें धुळीस मिळवून सायंप्रार्थनेच्या घंटेच्या आंत वसतिगृहांत परतत असूं. हे रुपये कोठून येत, तें पुढें सांगूं.

तो खेळाचा दुसरा भाग होता. त्यांत तेरा राष्ट्रें होतीं, पण हिंदुस्थानचें एकही नव्हतें. हत्ती मिळतात एवढ्यासाठीं आम्ही नेहमीं इराणी होत असूं. राष्ट्रें तेरा असलीं तरी सर्वांचे वाडे, शिपाई आणि शेतें बहुतेक एकसारखींच. प्रत्येकास एखादा खास शिपाई आणि एखाददुसरी सवलत, एवढाच काय तो भेद. एक राष्ट्र खेळतां आलें, कीं तेराही खेळतां येत. गरिबाच्या मुलास हें फार सोईचें असतें. कारण त्यास तास मोजून घ्यावे लागतात. शिवाय खेळाच्या आंत इतिहासाचे धडे असत. स्कॉटलंडचा विल्यम वॉलेस आम्हांस पाऊल कसें टाकावें येथपासून शिकवी. मग जोन ऑफ आर्क, सलाउद्दीन, चंगीझखान आणि बार्बारोसा यांच्या मोहिमा येत. वर्गांत ज्यांचीं नांवें ऐकून आम्हांस जांभया येत, त्यांच्यासाठीं आम्ही जेवणाची वेळ चुकवूं लागलों.

त्या खेळांत उंचावरून मारलेला बाण सव्वापट लागे. हें कळल्यापासून सुटींत गांवीं जातांना एस. टी. च्या खिडकींतून दिसणारा दौलताबादचा किल्ला आम्हांस निराळाच दिसूं लागला. तोंवर तो एक डोंगर होता. आतां त्याच्या कापून उभ्या केलेल्या कड्याकडे पाहून, येथें शिडी लागणार नाहीं, येथें दगडफेकी यंत्र पोंचणार नाहीं, असा हिशेब आपोआप मनांत चाले. खेळानें अभ्यास बुडतो हें खरें. पण पाहिलेली वस्तु पुन्हां पाहावयास लावणें, हा गुणही त्याच्या अंगीं आहे, हें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.

आतां शेताविषयीं थोडें सांगावयास हवें. कारण या लेखाचा सारा भार त्यावर आहे. दुसऱ्या भागांत एक शेत करण्यास साठ लांकूड पडे. त्या शेतांतून, कांहीं सुधारणा केली नसल्यास, एकशें पंचाहत्तर अन्न निघे. तें निघालें कीं शेत उजाड होई, आणि पुन्हां साठ लांकूड खर्चून तें नव्यानें पेरावें लागे. लढाईच्या धुमाळींत याचा विसर पडे. सीमेवर हत्ती झुंजत असावे, आणि मागें दहा शेतें ओस पडून दहा गांवकरी हात बांधून उभे असावे, असें नेहमीं घडे. मग अन्न संपे, नवे शिपाई होत नसत, आणि आमचा इराण बुडे. २००० सालच्या पुरवणींत पुढील पेरण्यांचें लांकूड आगाऊ भरून ठेवण्याची सोय झाली होती. पण आमच्या कॅफेंत ती पुरवणी नव्हती. त्यामुळें आम्ही प्रत्येक शेत हातानें पेरीत असूं, आणि त्या कटकटीस शिव्या देत असूं.

असो. मध्यंतरीं बावीस वर्षें गेलीं. २०२५ च्या दिवाळींत आमचे भाचे पुण्याहून आजोळीं आले. वय वर्षें तेरा, इयत्ता आठवी, आणि काखेंत त्यांच्या वडिलांचा संगणक. त्यावर या खेळाचा चौथा भाग होता. आम्हीं मोठ्या ऐटीनें त्यांस सांगितलें कीं, हा खेळ आम्ही तुमच्या जन्माच्या पूर्वीं खेळत होतों. ‘मग बसा, मामा,’ असें म्हणून त्यांनीं आपला संगणक आमच्यापुढें सरकविला, आणि आईच्या संगणकावर स्वतः समोर बसले. विसाव्या मिनिटास ते म्हणाले, ‘मामा, तुमचं राज्य पडलं.’ आम्हीं पाहिलें, तों खरेंच पडलें होतें.

पराभव पचविण्याचा उत्तम उपाय म्हणजे त्यावर टीका करणें. पुढील दोन दिवस आम्हीं जुन्या खेळाची तरफदारी केली आणि भाचेमहाशयांनीं नव्याची. त्यांत दोन्ही बाजूंनीं कांहीं खरें निघालें, तें येथें देतों.

नव्या भागांत आरंभीं आठच राष्ट्रें होतीं; पण आठही खरोखर वेगळीं. मंगोल लोक आपलीं घरें उचलून दुसरीकडे नेऊं शकतात. इंग्रजांस शेतें स्वस्त पडतात. आणि आठांत दिल्लीची सल्तनत आहे! तिची रीत अशी कीं, कोणतीही विद्या तिला विनामूल्य मिळते, मात्र ती शिकण्यास वेळ फार लागतो. मशिदींत विद्वान नेऊन बसविले म्हणजे तो वेळ कमी होतो. आमच्या शिक्षकवर्गास ही कल्पना फार आवडेल. दुसरा भेद तटांचा. जुन्या खेळांत शिपाई तटाच्या आंत उभा राही किंवा बाहेर. तटावर मात्र त्यास चढतां येत नसे. नव्यांत दगडी तटावर उभें राहून लढतां येतें, आणि तो तट फोडावयाचा तर वेढ्याचीं यंत्रेंच आणावीं लागतात. तिसरें, मोहिमांच्या मध्यें माहितीचे चित्रपट आहेत. त्यांत आजचीं खरीं गांवें व किल्ले दिसतात. लांब धनुष्य कसें करीत, दगडफेकी यंत्र कसें उभारीत, हें कारागीर प्रत्यक्ष करून दाखवितात. ते पाहून आम्ही मनांत शरमलों. आमच्या वॉलेसानें आम्हांस एवढें शिकविलें नव्हतें.

मधल्या तिसऱ्या भागाविषयींही बोलणें निघालें. त्याच्या २००७ सालच्या पुरवणींत हिंदुस्थान प्रथम एक राष्ट्र म्हणून आला. त्यांत एका युगांतून दुसऱ्यांत जाण्यास चारमिनार, आग्र्याचा किल्ला, ताजमहाल अशा वास्तु बांधाव्या लागतात, आणि गांवकरी तयार करण्यास अन्नाऐवजीं लांकूड पडतें. ‘म्हणजे आमचे लोक लांकूड खाऊन जगतात कीं काय?’ असें आम्हीं विचारलें. त्यावर भाच्यांपाशीं उत्तर नव्हतें. शिवाय आमचा जुना दुसरा भागही जुना राहिलेला नाहीं. २०१३ सालीं त्यांत भारतीय आले, २०१९ सालीं त्याची नव्या चित्रांनीं सजविलेली आवृत्ति निघाली, आणि २०२२ सालीं त्या एका भारतीय राष्ट्राच्या जागीं हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशीं चार झालीं. मराठ्यांचें स्वतंत्र राष्ट्र मात्र या मालिकेंत नाहीं. तें २००९ सालच्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या निराळ्या खेळांत आहे, अशी पुस्ती भाच्यांनीं जोडली.

आमच्या बाजूचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : नव्या खेळानें सर्व गोष्टी सुलभ केल्या आहेत. सजविलेल्या जुन्या आवृत्तींत शेतें आपलीं आपण पेरलीं जाण्याची सोय आहे. चौथ्या भागांत तर एकदां पंचाहत्तर लांकूड देऊन शेत केलें, कीं तें कधींच उजाड होत नाहीं. यावर भाचे म्हणाले, ‘मामा, ती कटकट होती, म्हणून काढली. तेवढा वेळ लढाईला मिळतो.’ हा मुद्दा बिनतोड होता. आम्ही गप्प बसलों.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांस दौलताबादेस घेऊन गेलों. खंदक, कापलेला कडा, आणि माथ्यावर जाण्याचा तो एकच बोगद्यासारखा काळोखी मार्ग पाहून भाच्यांचे डोळे चमकले. ‘हा कोणीच घेऊं शकला नसेल,’ असें ते म्हणाले. आम्हीं सांगितलें कीं, पुष्कळांनीं घेतला; पण कडा चढून नव्हे. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी येथें अकस्मात् आला, तेव्हां रामदेवराव यादव किल्ल्यांत शिरून बसला. जुन्या तवारिखांत अशी कथा आहे कीं, घाईघाईनें जीं पोतीं धान्य म्हणून किल्ल्यांत नेलीं, त्यांत मीठ निघालें. कथा खरी असो वा नसो, राजास तह करावा लागला. पुढें १६३३ सालीं महाबतखानानें याच किल्ल्यास वेढा घातला. आंत मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान होता. तट पुष्कळ होते, तोफा होत्या; पण किल्ल्यांत अन्न उरलें नाहीं, आणि किल्ला मोंगलांच्या हातीं गेला. भाचे क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘म्हणजे कोपऱ्यातला अन्नाचा आकडा शून्य झाला.’ आम्हीं म्हटलें, ‘होय, फक्त आंत माणसें होतीं.’

परत येतांना घाट चढून खुलताबादेंत शिरल्यावर आम्हीं त्यांस मलिक अंबराची घुमटाची कबर दाखविली. हबसाणांतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पोर निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० सालीं त्यानें खडकी गांव वसविलें, तेंच पुढें औरंगाबाद झालें. मोठ्या मोंगल फौजेशीं समोरासमोर न भिडतां तिची रसद तोडावी, ही त्याची युद्धाची रीत होती. तो १६२६ सालीं वारला. त्याच गांवांत, वर छत नसलेल्या एका साध्या कबरींत, औरंगजेब आहे. तो १६८२ सालीं दक्षिणेंत आला आणि पंचवीस वर्षें लढून १७०७ सालीं दक्षिणेंतच संपला. त्याच्या कोपऱ्यांतले आकडे तर सर्वांहून मोठे होते. ‘यांतला आपला कोण?’ असें भाच्यांनीं विचारलें. खेळांत आरंभींच बाजू निवडावी लागते, म्हणून हा प्रश्न त्यांस साहजिक होता. आम्हीं सांगितलें कीं, आपले ते घाटाच्या खालीं ज्वारी पेरीत होते, आणि यांपैकीं जो येई त्यास सारा देत होते. हें उत्तर त्यांस फारसें आवडलें नाहीं.

त्या दिवशीं सायंकाळीं जें घडलें, त्यासाठीं हा लेख लिहिला.

त्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली. आमच्या वडिलांचें, म्हणजे अण्णांचें, दोन एकर मक्याचें शेत ओढ्याच्या कांठीं आहे. त्यांत पांच दिवस पाणी उभें राहिलें. जीं कणसें हातीं लागलीं त्यांस कोंब फुटले होते. दिवाळींत घरीं फराळ झाला, पणत्या लागल्या. पण अण्णा ओट्यावर बसले म्हणजे बोलत नसत. त्या सायंकाळीं ताईनें, ‘अण्णा, मग आतां त्या रानाचं काय करायचं?’ असें विचारलें. अण्णांनीं उत्तर देण्यापूर्वींच आंतून, संगणकावरची मान न काढतां, आमचे भाचे म्हणाले, ‘आजोबा, नवं शेत टाका ना! पंचाहत्तर लाकडं लागतात फक्त.’

पोराच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. दोन दिवस घरांत तेंच बोलणें चाललें होतें. पण कोणी हंसलें नाहीं. ताईनें त्यास हांक मारली, आणि ती हांक ऐकून पोराचा चेहरा उतरला.

अण्णा मात्र रागावले नाहींत. ते उठून आंत आले, चष्मा लावून त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, ‘दाखव बरं तुझं शेत.’ भाच्यांनीं दाखविलें. एक लहानसा माणूस एका चौकोनी हिरव्या तुकड्यांत वांकून काम करीत होता.

‘हा पेरतो केव्हां?’

‘पेरावं नाही लागत, आजोबा. शेत केलं की पीक चालूच.’

‘पावसाचं काय?’

‘पावसाचा पिकाशी संबंध नाही.’

‘आणि हा गडी जेवतो केव्हां?’

भाचे अडखळले. ‘जेवत नाही. आधी एकदाच पन्नास अन्न लागतं, मग तो मरेपर्यंत काम करतो.’

अण्णांनीं मान हलविली. मग आमच्याकडे वळून विचारलें, ‘तुझ्या त्या जुन्या खेळांत कसं होतं?’ आम्हीं सांगितलें कीं, त्यांत शेत संपे. साठ लांकूड देऊन पुन्हां पेरावें लागे. विसरलें तर माणसें उपाशी उभीं राहत.

‘मग तुझा खेळ बरा,’ अण्णा म्हणाले. ‘त्यात दुबार पेरणी आहे.’

दोन दिवस ज्या वादाचा निकाल लागत नव्हता, तो अण्णांनीं एका वाक्यांत लावला. आमचा जय झाला होता. पण दुबार पेरणी हा शब्द ऐकतांच आमच्या पोटांत धस्स झालें, आणि जी गोष्ट बावीस वर्षें आम्हीं कोणास सांगितली नव्हती, ती त्या वेळीं, भाच्यांच्या देखत, आमच्या तोंडून बाहेर पडली.

२००३ च्या जून महिन्यांत अण्णांनीं दहावीच्या जादा तासांच्या फीसाठीं आमच्या हातीं चारशें रुपये दिले होते. ते आम्हीं भरले नाहींत. तासाला पंधरा रुपये या दरानें चारशें रुपयांत सव्वीस तास चाळीस मिनिटें होतात. तेवढा वेळ आम्हीं त्या शिंप्याच्या दुकानावर बसून काढला. फी भरली असें घरीं सांगितलें, आणि वर्गमित्राच्या वह्या उतरवून घेऊन परीक्षा कशीबशी पार पाडली. त्याच वर्षीं आमच्या रानांत मृगाची पेरणी वायां गेली. पेरल्यावर पावसानें ओढ दिली. बीं जमिनींत करपलें. दुसऱ्यांदा पेरावयास अण्णांच्या हातीं पैसा नव्हता. त्यांनीं दुकानदाराकडून बियाणें उधार आणलें. हें आम्हांस त्या वेळींच आईकडून कळलें होतें. कळूनही पुढच्या रविवारीं आम्ही कॅफेंत गेलों, आणि साठ-साठ लांकूड खर्चून इराणचीं शेतें पेरीत बसलों.

आम्ही बोलत असतां ताईनें खालीं पाहिलें. अण्णा बराच वेळ पडद्यावरच्या त्या वांकलेल्या माणसाकडे पाहत होते. मग त्यांनीं विचारलें, ‘एवढ्या तासात जिंकलास तरी का?’

‘नाहीं. बहुतेक हरलों.’

‘शेत पेरायला विसरत असशील,’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळानें, ‘त्या दुकानदाराचे पैसे मी दिवाळीनंतर फेडले. व्याज नाही घेतलं त्यानं. चांगला माणूस होता.’ एवढें बोलून ते गोठ्याकडे गेले. त्यांनीं आम्हांस क्षमा केली किंवा नाहीं, हें आम्ही आजही सांगूं शकत नाहीं. तो विषय त्यांनीं पुन्हां काढला नाहीं, आणि आम्हांसही काढण्याचा धीर झाला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, कोणी न सांगतां, भाचे अण्णांच्या मागोमाग रानांत गेले. वाफसा आला होता. मक्याचीं धाटें काढून रान मोकळें केलेलें होतें, आणि हरभरा पेरावयाचा होता. शेजाऱ्यांची बैलजोडी व तिफण आणली होती. दिवसभर भाच्यांनीं बियाण्याची पिशवी सांभाळली. दुपारीं भाकरी खातांना त्यांनीं विचारलें कीं, हें पीक केव्हां निघेल? अण्णांनीं साडेतीन महिने सांगितले. भाच्यांनीं बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, ‘तेव्हां माझी वार्षिक परीक्षा जवळ आली असेल.’

आतां आमचें मत. विद्यार्थीमित्रांनो, जुना खेळ चांगला कीं नवा, असें आम्हांस कोणी विचारल्यास, नवा अधिक शहाणा आहे असें आम्ही म्हणूं. त्याचे रचणारे अधिक वाचलेले आहेत. निरनिराळ्या लोकांच्या निरनिराळ्या रीति त्यांनीं ओळखल्या आहेत. आणि दिल्ली त्यांच्या नकाशांत आली आहे. जुन्या खेळास एवढें कांहीं ठाऊक नव्हतें. पण जुन्या खेळांत एक खोडी होती, कीं भरल्या लढाईंतून तो खेळणाऱ्यास कान धरून शेतापाशीं परत आणी. ती खोडी होती तोंवर आम्ही तिला शिव्या दिल्या, आणि काढून टाकल्यावर तिची किंमत आम्हांस कळली. तीही आमची आम्हांस नव्हे, अण्णांनीं सांगितली तेव्हां. खेळूं नका, असें आम्ही म्हणणार नाहीं. म्हणण्याचा आम्हांस अधिकारही उरलेला नाहीं. ज्या पैशांनीं तुम्ही खेळतां, ते कोणत्या पेरणींतून आले आहेत, हें खेळण्यापूर्वीं एकदां घरीं विचारून घ्या, एवढेंच आमचें सांगणें आहे. आणि पालकहो, मुलगा खेळत असतां कधीं चष्मा लावून त्याच्याजवळ बसा, आणि पाऊस केव्हां पडतो तें त्याला विचारा.

भाचे पुण्यास गेल्यावर नोव्हेंबर महिन्यांत त्यांचा फोन आला. चौथ्या भागास नवी पुरवणी आली होती, आणि तींत चक्क तुघलकांचा वंश होता. ‘मामा, आपल्या दौलताबादचा!’ त्यांचा आनंद फोनांत मावत नव्हता. महंमद तुघलकानें १३२७ सालीं आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली, हें त्यांनीं शोधून वाचलें होतें. ‘हजार किलोमीटरच्या वर आहे, मामा. एवढी माणसं चालत आली, तर वाटेत खात काय असतील?’ असें त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें कीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं, पण प्रश्न चांगला आहे; इतिहासाच्या शिक्षकांस विचार.

मग ते म्हणाले, ‘आजोबांना द्या.’ आम्हीं फोन अण्णांच्या हातीं दिला. पलीकडून काय विचारलें, तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. अण्णा म्हणाले, ‘उगवला. चांगला उगवला. तुझ्या बाजूच्या तासात थोडा दाट पडलाय.’